वणवा, घर आणि शेजार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

गृहनिर्माणाचा प्रश्न समाजवादी चळवळीने आजवर जमीन, भाडे, कर्ज आणि झोपडपट्टी यांच्या अंगाने मांडला. ते योग्यच झाले. परंतु गेल्या काही वर्षांत अमेरिका, ऑस्ट्रेलिया, पोर्तुगाल, ग्रीस, चिली अशा देशांत वणव्यांनी वस्त्याच्या वस्त्या बेचिराख केल्या आणि घराच्या प्रश्नाला एक नवे अंग फुटले. वणव्यात टिकणारे घर कसे बांधावे, बांधलेले जुने घर थोडक्या खर्चात कसे सुरक्षित करावे, हा वरवर पाहता स्थापत्यशास्त्राचा विषय आहे. थोडे खोलवर पाहिले की तो अर्थकारणाचा आणि राजकारणाचा होतो. म्हणून आज त्याची चर्चा करावयाची आहे.

८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्निया राज्यातील बट परगण्यात वणवा भडकला आणि काही तासांतच पॅराडाइज हे सुमारे २६ हजार वस्तीचे गाव जवळजवळ नाहीसे झाले. ८५ माणसे मरण पावली, १८ हजारांहून अधिक इमारती जळाल्या. मृतांत वृद्धांचा भरणा मोठा होता. किनाऱ्यालगतच्या शहरांतील घरांच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्यावर निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना ज्या थोड्या जागा परवडतात, त्यांपैकी हे डोंगरावरचे गाव होते. कारखान्यात तयार करून आणून बसवलेल्या स्वस्त घरांच्या कितीतरी वसाहती तेथे होत्या. आग लागली ती पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या वीज कंपनीच्या वाहिनीवरील, सुमारे शंभर वर्षे वापरून झिजलेला एक लोखंडी आकडा तुटल्यामुळे. जून २०२० मध्ये कंपनीने न्यायालयात ८४ मनुष्यवधांचा गुन्हा कबूल केला. दंड झाला सुमारे ३५ लाख डॉलरचा. आगग्रस्तांच्या भरपाईसाठी जो निधी उभारला गेला, त्यातील निम्मा भाग कंपनीच्या समभागांच्या रूपाने देण्यात आला. म्हणजे ज्या कंपनीच्या निष्काळजीपणाने घर जळाले, तिच्याच भागभांडवलाचा भाव वाढावा अशी इच्छा धरणे आगग्रस्तांच्या नशिबी आले. भांडवलशाहीचा न्याय कसा चालतो हे समजावून सांगण्यासाठी याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

ठिणगीचे काम

पॅराडाइजच्या छायाचित्रांत एक गोष्ट पाहणाऱ्यास चकित करते. घराच्या जागी राखेचा चौकोन आणि उभे धुराडे एवढेच उरलेले आहे. पण शेजारची पाइनची झाडे हिरवी उभी आहेत. जंगलातून ज्वालांची भिंत चाल करून आली आणि तिने गाव गिळले, असे जे चित्र आपल्या मनात असते ते मग खरे कसे मानावे? ज्वालांची भिंत आली असती, तर ती झाडे प्रथम जळावयास हवी होती.

याचे उत्तर अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी या घटनेच्या कितीतरी आधी देऊन ठेवले होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातील नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशात जंगलाच्या कडेला वेगवेगळ्या अंतरांवर लाकडी भिंतींचे नमुने उभे करून जंगल पेटवण्यात आले. १० मीटरवरील भिंतींपैकी काही पेटल्या. २० मीटर आणि त्यापलीकडील पेटल्या नाहीत. जंगलाच्या ज्वालेचा झोत मोठा असला तरी एका जागी तो फार वेळ टिकत नाही, आणि अंतराबरोबर त्याची धग झपाट्याने उतरते. मग शेकडो मीटर दूर असलेली घरे पेटतात कशाने? वाऱ्याने उडून आलेल्या निखाऱ्यांनी. हे निखारे वणव्याच्या एखादा किलोमीटर पुढेही जाऊन पडतात. पन्हळीत साचलेल्या पालापाचोळ्यावर, वळचणीच्या फटीत, माळ्याच्या झरोक्यात, दारापुढच्या काथ्याच्या पायपुसण्यावर, भिंतीला टेकवून ठेवलेल्या सरपणावर ते पडतात आणि धुमसत राहतात. कित्येक घरे वणवा पुढे निघून गेल्यावर पेटली, ती या धुमसणाऱ्या निखाऱ्यांमुळे.

या शोधाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. घर वाचणार की जळणार, हे बव्हंशी घराच्या स्वतःच्या रचनेवर आणि त्याच्या सभोवतालच्या ३० मीटरच्या पट्ट्यावर ठरते. हजारो चौरस किलोमीटर जंगल आवरणे माणसाच्या हाती नाही. घराभोवतीचा हा पट्टा मात्र त्याच्या हाती आहे. दैवावर सोडलेली गोष्ट येथे माणसाच्या कक्षेत येते, आणि जी गोष्ट माणसाच्या कक्षेत येते तिची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न लगेच उभा राहतो.

थोड्या खर्चाचे उपाय

प्रथम हे उपाय कोणते ते पाहू. त्यात चमत्कार असा काही नाही. गवंडी, सुतार आणि पत्रेवाला यांना समजतील अशीच ती कामे आहेत.

सर्वांत महत्त्वाचे छप्पर. लाकडी फळ्यांचे छप्पर असलेले घर म्हणजे रचून ठेवलेली होळीच होय. कौले, पत्रा, सिमेंटचे तक्ते किंवा आगीला दाद न देणारे डांबरी थर, यांपैकी काहीही चालते. मात्र कौलाला एक काळजी घ्यावी लागते. अर्धगोल कौलांच्या कडेची तोंडे उघडी राहिली तर आत पक्षी घरटी करतात, काडीकचरा साचतो आणि न जळणाऱ्या कौलाखाली जळणारा साठा तयार होतो. म्हणून ती तोंडे चुन्याने किंवा सिमेंटने बंद करावयाची. छपराचे काम खर्चाचे आहे. त्यानंतरची बहुतेक कामे स्वस्त आहेत.

माळ्याला आणि जोत्याखालच्या पोकळीला हवा खेळण्यासाठी जे झरोके असतात, त्यांवर सुमारे ३ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची धातूची जाळी बसवावयाची. प्लॅस्टिकची जाळी वितळते, ती निरुपयोगी. पन्हळी साफ ठेवावयाच्या आणि त्यांवर धातूचे झाकण घालावयाचे. वळचणीच्या उघड्या वाशांमधील फटी बंद करावयाच्या. खिडकीला एकेरी काच असेल तर ती धगीने तडकून गळून पडते आणि निखाऱ्यांना घर मोकळे होते. दुहेरी आणि कणखर केलेली काच अधिक काळ टिकाव धरते. लाकडी कुंपण घराच्या भिंतीला येऊन भिडते तेथे ते पेटत्या वातीसारखे काम करते. तेवढा शेवटचा तुकडा काढून तेथे लोखंडी फाटक लावले की वात तुटते.

राहिला घराभोवतीचा पट्टा. भिंतीपासून पहिल्या ५ फुटांत जळण्याजोगे काहीही ठेवावयाचे नाही. झुडूप नाही, लाकडाचा भुसा नाही, सरपण नाही. खडी, फरशी किंवा उघडी माती असावी. पुढे ३० फुटांपर्यंत वाळलेले गवत कापावयाचे, झाडांच्या खालच्या फांद्या छाटावयाच्या आणि दोन झुडपांत अंतर ठेवावयाचे. १०० फुटांपर्यंत झाडोरा विरळ करावयाचा. त्यासाठी झाडे सरसकट तोडण्याचे कारण नाही. हिरवे, नीट राखलेले झाड पुष्कळदा निखारे अडवतेही.

आता खर्चाचा हिशोब. अमेरिकेतील हेडवॉटर्स इकॉनॉमिक्स या अभ्याससंस्थेने २०१८ मध्ये दाखवून दिले की, नवे घर बांधताना आरंभापासूनच आगीचा विचार केला तर त्याचा खर्च नेहमीच्या घराइतकाच येतो. कारण काही वस्तू महाग पडल्या तरी काही स्वस्त पडतात. म्हणजे नव्या घराच्या बाबतीत ‘परवडत नाही’ ही सबबच शिल्लक राहत नाही. बिल्डरची अनास्था आणि नियमांचा ढिसाळपणा तेवढा शिल्लक राहतो. जुन्या घरांचे गणित निराळे आहे. याच संस्थेच्या २०२४ च्या अभ्यासानुसार, सर्वांत परिणामकारक अशी कित्येक कामे २ ते १५ हजार डॉलरमध्ये होतात. उत्तमोत्तम साहित्य वापरून सारे घरच बदलावयाचे म्हटले तर खर्च १ लाख डॉलरच्याही वर जातो.

२ हजार डॉलर म्हणजे किती? २०२५ साली कॅलिफोर्नियातील किमान वेतन ताशी साडेसोळा डॉलर होते. त्या हिशोबाने २ हजार डॉलर म्हणजे सुमारे ३ आठवड्यांची मजुरी, आणि १५ हजार म्हणजे जवळजवळ २३ आठवड्यांची. ज्याचे निम्मे वेतन भाड्यात किंवा कर्जाच्या हप्त्यात जाते, त्याला ३ आठवड्यांची मजुरी बाजूला काढणे म्हणजे काय असते, हे येथे बसलेल्या कार्यकर्त्यांना निराळे सांगावयास नको. उपाय स्वस्त आहे, हे म्हणणे खरे आहे. परंतु तो कोणाला स्वस्त आहे, हे विचारल्यावाचून ते म्हणणे पुरे होत नाही.

शेजाऱ्याचे घर

एवढ्यावर हा विषय थांबला असता, तर गरजूंना अनुदान द्या असे सांगून मोकळे होता आले असते. परंतु पॅराडाइजने आणखी एक गोष्ट शिकवली, आणि आजच्या विषयाचा गाभा तिच्यात आहे.

कॅलिफोर्नियाने २००८ पासून वणव्याच्या टापूतील नव्या घरांना बांधकाम संहितेचे एक कडक प्रकरण लागू केले. छप्पर, भिंती, झरोके, काचा या सर्वांचे नियम त्यात आहेत. पॅराडाइजच्या आगीनंतर संशोधकांनी घरांची पाहणी करून २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९७ पूर्वी बांधलेल्या घरांपैकी केवळ ११.५ टक्के वाचली. १९९७ नंतरच्या घरांपैकी ३८.५ टक्के वाचली. बांधकामातील सुधारणेचा उपयोग झाला, हे उघड आहे. परंतु संहिता लागू होण्याच्या लगेच आधीची आणि नंतरची घरे ताडून पाहिली तेव्हा प्रमाण अनुक्रमे ३७ आणि ४४ टक्के निघाले; हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. मग घराचे भवितव्य कशाने ठरले? जवळचे जळालेले घर किती अंतरावर होते आणि १०० मीटरच्या परिघात किती इमारती जळाल्या, यांना सर्वांत अधिक महत्त्व होते.

कारण सरळ आहे. जंगलातील गवत काही क्षणांत जळून जाते. घर तासन्‌तास जळते. पेटलेले घर शेजारच्या घराच्या दृष्टीने वणव्याहूनही भयंकर असते. एखाद्याने पदरमोड करून घराला जाळ्या लावल्या, पत्रा घातला, अंगण स्वच्छ ठेवले, पण १० मीटरवरच्या शेजाऱ्याला ते जमले नाही, तर शेजाऱ्याचे घर पेटल्यावर पहिल्याची सारी तयारी अपुरी पडू शकते. उलट शेजाऱ्याने काळजी घेतली तर तिचा लाभ पहिल्याला एक पैसा न देता मिळतो. अर्थशास्त्रात यास बाह्य परिणाम म्हणतात. ज्या व्यवहारात लाभ आणि हानी विकत घेणाऱ्यापुरती मर्यादित राहत नाही, तेथे बाजारावर विसंबून राहिल्यास समाजाला आवश्यक तितका खर्च कोणीही करीत नाही, हे या शास्त्राच्या पहिल्या वर्गातच शिकवले जाते. लसीकरणाचे आणि गटारांचे जे तत्त्व आहे, तेच येथेही लागू होते. आगीपासूनची सुरक्षितता एकेका घराला विकत घेता येत नाही. ती साऱ्या आळीला मिळून मिळते, किंवा कोणालाच पुरती मिळत नाही.

हे तत्त्व नवे नाही. १६६६ साली लंडन ४ दिवस जळत होते. १३ हजारांहून अधिक घरे गेली. पुढच्याच वर्षी संसदेच्या कायद्याने बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्याच असाव्यात असे बंधन घातले, आणि सार्वजनिक बांधकामासाठी कोळशावर कर बसवून पैसा उभा केला. युरोप-अमेरिकेतील शहरे पूर्वी वारंवार जळत असत आणि पुढे जळेनाशी झाली, ती नागरिक अकस्मात सावध झाले म्हणून नव्हे. कायदा, सार्वजनिक पाणीपुरवठा आणि सार्वजनिक अग्निशमन दल यांमुळे झाली. आज जंगलाच्या कडेने पसरलेल्या वस्त्या म्हणजे त्या जुन्या शहरांचीच नवी आवृत्ती आहे. मात्र त्यांच्या संरक्षणासाठी सार्वजनिक शहाणपण अद्याप पुरते कामाला लागलेले नाही.

विमा कंपन्यांचा काढता पाय

‘सरकार कशाला हवे? विम्याचा हप्ता वाढला की माणूस आपोआप घर दुरुस्त करील,’ असे बाजारवादी अर्थशास्त्रज्ञ सांगतात. प्रत्यक्षात काय झाले? मे २०२३ मध्ये स्टेट फार्म या कॅलिफोर्नियातील सर्वांत मोठ्या गृहविमा कंपनीने नवे विमे घेणे थांबवले. मार्च २०२४ मध्ये सुमारे ७२ हजार विमे नूतनीकरण न करता सोडून देण्याचा निर्णय जाहीर केला. विमा नसेल तर बँक कर्ज देत नाही, आणि कर्ज नसेल तर घर विकले जात नाही. मग माणूस जातो ‘फेअर प्लॅन’ या अखेरच्या आधाराकडे, जेथे संरक्षण कमी आणि हप्ता अधिक. ही योजना १९६८ मध्ये सुरू झाली ती कृष्णवर्णीयांच्या ज्या शहरी वस्त्यांना कंपन्या विमा नाकारीत, त्यांच्यासाठी. बाजाराने टाकलेल्यांसाठी काढलेली योजना आता जंगलाकाठच्या मध्यमवर्गालाही लागू लागली, एवढाच फरक. जाळ्या लावणाऱ्या आणि अंगण साफ ठेवणाऱ्या घरमालकास हप्त्यात सवलत द्यावी असा नियम राज्याने २०२२ मध्ये केला खरा. पण जेथे विमाच मिळत नाही तेथे सवलत कशात मिळावयाची?

येथेही लंडनचा इतिहास उद्बोधक आहे. तेथे अग्निशमन दीर्घकाळ विमा कंपन्यांच्या पथकांकडे होते. १८६१ साली टूली स्ट्रीटची प्रचंड आग लागली, कंपन्यांना भुर्दंड बसला, आणि त्यांनी सरकारला कळवले की हे ओझे यापुढे आम्हांला झेपणार नाही. त्यातून १८६६ मध्ये महानगराचे सार्वजनिक अग्निशमन दल जन्मास आले. नफा असेल तोवर धंदा खासगी, आणि धोका नफ्याहून वाढला की जबाबदारी सार्वजनिक, ही रीत दीडशे वर्षे जुनी आहे. लंडनने निदान ती जबाबदारी पत्करली.

कोणाला परवडते, कोणाला नाही

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला दोन मोठ्या वणव्यांनी वेढले. एक पॅसिफिक पॅलिसेड्स या मुख्यतः सधन वस्तीत, दुसरा अल्टाडीना येथे. दोहोंत मिळून १६ हजारांहून अधिक इमारती गेल्या, ३१ माणसे दगावली. अल्टाडीनात कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबांची दोन-तीन पिढ्यांची घरे होती. वर्णभेदाच्या धोरणामुळे अन्यत्र घर घेणे अशक्य असताना ज्या थोड्या ठिकाणी त्यांना शिरकाव मिळाला, त्यांपैकी हे एक. गावाच्या पश्चिम भागात स्थलांतराचा आदेश कित्येक तास उशिरा पोहोचला, आणि तेथील जवळजवळ सर्व मृत्यू त्याच भागात झाले.

त्याच आठवड्यात काही धनिकांनी आपल्या मालमत्तेच्या रक्षणासाठी खासगी अग्निशामक पथके भाड्याने आणली होती. आणि सार्वजनिक दलाबरोबर हजारांहून अधिक तुरुंगवासी आगीशी झुंजत होते. त्यांना मिळणारे मूळ वेतन दिवसाला ६ ते १० डॉलरच्या आसपास होते. ते वाढवण्याचा कायदा ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला.

मग सार्वजनिक मदतीचे काय? कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये जुनी घरे सुधारण्यासाठी साहाय्य देणारा कायदा केला. विचार उत्तम होता. काही निवडक परगण्यांत प्रयोगही सुरू झाले. पण लाखो घरे धोक्याच्या टापूत असताना कामाचा वेग अगदीच तोकडा राहिला. भाडेकरूचा प्रश्न तर बहुधा कोणी विचारीतच नाही. घर त्याचे नाही म्हणून तो जाळी बसवू शकत नाही. मालक राहत नाही म्हणून त्याला बसवण्याची निकड नाही. आणि बसवलीच तर तो भाडे वाढवतो. ५ फुटांच्या पट्ट्याचा नियम कडक करून दंडाची तरतूद केली आणि हातात मदत दिली नाही, तर जिचा कणा वाकला आहे त्या वृद्धेला पन्हळ साफ केली नाही म्हणून दंड भरावा लागेल. नियम हवाच, पण ज्याच्याने तो पाळवत नाही त्याच्या घरी सरकारचा मजूर, शिडी आणि जाळी गेली पाहिजे.

चिलीतील वस्तीचे उदाहरण

हे सारे श्रीमंत देशाचे झाले. गरीब वस्तीला हे कसे जमावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर चिली या देशाने दिले आहे. वाल्परायसो हे तेथील बंदर. मजुरांची घरे डोंगरांच्या उतारांवर आणि घळींच्या काठांवर, लाकूड आणि पत्रा यांची, एकमेकांना खेटून. एप्रिल २०१४ मध्ये तेथे वणवा शिरला. १५ माणसे गेली आणि सुमारे २९०० घरे जळाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये जवळच्याच विन्या देल मार आणि किल्पुए येथे त्याहून भीषण संहार झाला. १३० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

त्या संहारात किल्पुएतील बोटानिया नावाची वसाहत वाचली. आसपास राख आणि मधोमध ही उभी घरे, हे दृश्य जगभर छापले गेले. तेथील रहिवाशांनी आधीच्या काळात राष्ट्रीय वनसंस्थेच्या मदतीने एक साधे काम केले होते. एकत्र जमून वसाहतीमागच्या घळीतील झुडपे आणि कचरा काढला, झाडांच्या फांद्या छाटल्या, घरे आणि झाडोरा यांमध्ये मोकळा पट्टा राखला, आणि आपापल्या घराभोवती काय काय पेटेल हे पाहून ते दूर केले. कोणत्याही घरात महागडी सामग्री बसवली नव्हती. तेथे संघटना होती, शास्त्रीय मार्गदर्शन होते आणि सरकारी संस्थेचा थोडा हातभार होता. कार्यकर्त्यांना ज्या त्रयीवर काम करण्याची सवय आहे, तीच ही त्रयी.

दोन आक्षेप

या मांडणीवर आपल्याच गोटातून दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की, घराच्या जाळ्यांची चर्चा म्हणजे खऱ्या गुन्हेगारांना मोकळे सोडणे होय. हवामान बदलास जबाबदार असणारे तेल आणि कोळशाचे व्यापारी, झिजलेला आकडा न बदलणारी वीज कंपनी, पोर्तुगालसारख्या देशात कागदगिरण्यांसाठी डोंगरच्या डोंगर निलगिरीने झाकणारे उद्योग, यांना सोडून गृहिणीला पन्हळ साफ करावयास सांगणे कितपत योग्य? आक्षेपात तथ्य आहे. भांडवलदार वर्गाला सामाजिक प्रश्न व्यक्तीच्या दारात टाकावयास आवडते. परंतु क्षयरोग दारिद्र्यातून येतो म्हणून आपण रोग्याला औषध नाकारीत नाही. कंपनीला जाब विचारण्याचा लढा दीर्घ आहे. पुढचा उन्हाळा त्याच्यासाठी थांबणार नाही. शिवाय सुरक्षिततेची मागणी वस्तीने एकत्र येऊन, सार्वजनिक खर्चाने करावयाची म्हटली की ती व्यक्तीच्या दारात टाकलेली जबाबदारी राहत नाही.

दुसरा आक्षेप असा की, जंगलाच्या कडेला घरेच बांधू नयेत. नव्या चैनीच्या वसाहतींना हे अवश्य लागू करावे. परंतु जो तेथे स्वस्त भाड्यासाठी ढकलला गेला आहे, त्याला शहरात परवडेल असे घर दिल्यावाचून ‘तेथे राहू नकोस’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही. शहरातील घराच्या भावाचा प्रश्न आणि वणव्याचा प्रश्न मुळाशी एकच आहेत.

आपल्याकडे

महाराष्ट्रातील वणवे कॅलिफोर्नियासारखे गावे गिळणारे नाहीत, आणि परदेशाचे चित्र जसेच्या तसे येथे चिकटवण्याचे कारण नाही. तथापि कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर माघ-फाल्गुनापासून डोंगर पेटू लागतात. राब भाजताना निसटलेली आग, कोणी टाकलेली विडी, नवे गवत यावे म्हणून लावलेला जाळ, अशी त्याची कारणे असतात. त्यात आंबा-काजूच्या बागा जातात, गोठे जातात, पेंढ्याच्या उडव्या जातात. ज्याचे वर्षाचे उत्पन्न पन्नास काजूच्या झाडांवर आहे, त्याच्या दृष्टीने ती आपत्ती लहान नसते.

येथेही ज्ञान तेच आणि उपाय तसेच स्वस्त आहेत. उडवी आणि सरपण गोठ्यापासून आणि घरापासून दूर रचावे. पौष संपण्यापूर्वी घर, गोठा आणि बाग यांभोवती गवत काढून पट्टा मोकळा करावा. कौलांवरचा आणि वळचणीतला पाचोळा उतरवावा. राब भाजण्याचा दिवस आणि वेळ वाडीने मिळून ठरवावी, आणि त्या वेळी माणसे ओल्या फांद्या व पाण्याचे हंडे घेऊन हजर असावीत. वनखाते ज्यास जाळरेषा म्हणते, ती केवळ राखीव जंगलाच्या हद्दीवर न काढता वाडीच्या आणि बागांच्या भोवतीही काढली जावी, आणि ते काम रोजगाराच्या कामांत धरले जावे. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. २००६ च्या वनहक्क कायद्याने ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले, त्यांच्या हाती तर जंगल आणि वस्ती यांचा एकत्र विचार करण्याचे साधनच आले आहे.

आपला कार्यक्रम

मित्रहो, या साऱ्यातून कार्यक्रमाचे काही सूत्र काढावयाचे तर ते असे निघेल. सरकारी साहाय्य एकेका घरमालकास न देता सबंध आळीला, सबंध वाडीला द्यावे; कारण धोका सामायिक आहे. ज्याची ऐपत कमी त्याच्या घरापासून कामास आरंभ करावा. त्यात त्याच्यावर उपकार नाहीत, कारण त्याचे घर सुरक्षित झाल्यावाचून त्याच्या सधन शेजाऱ्याचेही होत नाही. भाड्याच्या घराची सुधारणा मालकाकडून करून घ्यावी आणि तिच्या नावाखाली भाडेवाढ किंवा बेदखली होऊ देऊ नये. नव्या बांधकामाला नियमांतून सूट नसावी. वीजवाहिन्यांच्या देखभालीचा हिशोब जनतेपुढे मांडला जावा. विमा कंपनी जेथून पाय काढते, तेथे सार्वजनिक विमा उभा राहावा.

पॅराडाइजच्या पाहणीने ११.५ आणि ३८.५ हे जे दोन आकडे दिले, ते कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावेत. बांधकाम सुधारल्याने वाचलेल्या घरांचे प्रमाण तिपटीहून अधिक झाले. आणि तरीही सुधारलेल्या घरांतील १०० पैकी ६१ जळाली. जी जळाली, त्यांतील कित्येकांच्या मालकांनी आपले कर्तव्य केले होते. त्यांची आळी मात्र त्यांच्याबरोबर सज्ज झाली नव्हती. आळीला बरोबर घेण्याचे काम बाजार करू शकत नाही. ते संघटनेचे काम आहे, आणि म्हणून ते आपले आहे.